छत्रीतला छ

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. शाळा बोलवायच्या, शाल घालायच्या, पोरांना चार शब्द सांगा म्हणायच्या, आणि मी मैदानाला रोज किती फेऱ्या माराव्यात ते सांगून खाली बसायचो. कुणी मुलाखतीला आलं आणि बोलणं त्या एका सामन्यापाशी पोचलं, की मी आत वळून चहा सांगायचो. चहा येईस्तोवर विषय बदललेला असायचा.

मी रंगनाथ, लोहाऱ्याचा. तरुणपणी काही वर्षं देशाच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळलो. मधल्या फळीतल्या माणसाचं मुख्य काम गोल करणं नाही आणि गोल अडवणंही नाही. मागच्याकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. हे करताना तोंड चालू ठेवायचं, कारण ज्याची नजर चेंडूवर असते त्याला आजूबाजूचं दिसत नसतं. त्याचे डोळे आपण व्हायचं. माझं तोंड चांगलं चालायचं.

गेल्या वर्षी माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालं. उठून बसायला लागल्यावर मुलगी कविता म्हणाली, "आण्णा, हे लिहून काढा. दुसऱ्या कुणाच्या घरी म्हातारं माणूस असं येड्यावानी करायला लागलं तर त्यांना कळंल तरी काय करायचं ते."

कारण चांगलं आहे. पण आजाराचं लिहायला घेतलं की दर वेळी दामू मधे येतो. त्याला वगळून कागद पुढं सरकत नाही. म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो. काही ठिकाणी गोंधळ होईल. मला आठवतंय म्हणून सांगतोय, की कुणी सांगितलं म्हणून आठवतंय, हे अजून सगळीकडं नीट लागत नाही.

डावी चप्पल

एस.टी.तून उतरताना सामान ठेवायच्या फळीला डोकं लागलं. टेंगूळ आलं, गेलं. मी विसरलो.

महिना-दीड महिन्यानं डावी चप्पल पायातून निघून जायला लागली. मला पत्ताच नसायचा. मी पुढं आणि मागून कुणीतरी चप्पल हातात घेऊन येतंय. बायको सुमन म्हणायची, "ह्या पायानं देशासाठी खेळलेत म्हणं. आता चप्पल सांभाळंना."

मग एक दिवस शर्टावरून बनियन घालून मी बाजारात गेलो. लोक हसले, मीही हसलो. मला वाटलं काहीतरी गमतीचं चाललंय.

शब्दांची अदलाबदल झाली ते जास्त वाईट. मला चष्मा हवा असायचा आणि तोंडातून 'तांब्या' यायचं. सुमन पाणी भरून तांब्या आणायची, आणि मी तिच्यावर ओरडायचो, की चष्मा मागितला तर तांब्या का आणतेस. एकदा तो तांब्या मी भिरकावला. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. तिनं फरशी पुसली आणि त्यानंतर तांब्या ठेवताना हात लांब करून ठेवायला लागली. ते मला दिसायचं. का करते ते कळायचं नाही.

सगळे म्हणायचे, वय झालं. मीही तेच म्हणायचो. आतून मात्र भीती वाटायची. लोहाऱ्याच्या बसस्टँडवर, जिथं मी लहानाचा मोठा झालो तिथं, उमरग्याची गाडी कुठल्या बाजूला लागते ते आठवेना. दोन गाड्या समोरून गेल्या. मी पाटीवरची अक्षरं वाचत होतो, पण अक्षरांचं गाव होत नव्हतं.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो: वय हळूहळू होतं. दीड महिन्यात वय होत नाही. घरातलं माणूस अचानक बदललं तर डोक्याचा फोटो काढून घ्या.

मधली रेष

कविता धाराशिवला शिक्षिका आहे. रविवारी घरी आली तेव्हा मी तिला विचारलं, "बाई, तुमची शाळा कुठली?" तिनं पिशवी खाली ठेवली आणि आईकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सोलापूरच्या दवाखान्यात होतो.

डॉक्टर तरुण होते. काळ्यापांढऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "कवटी आणि मेंदू यांच्यामधे रक्त साचलंय. हळूहळू साचत गेलंय. हे बघा, मेंदूची मधली रेष एका बाजूला सरकलीय."

मला फक्त शेवटचं कळलं. मी म्हणालो, "चुना मागवा मग. आखून घेऊ."

कविता तोंड फिरवून उभी राहिली. डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला मार लागला होता का?"

सुमन म्हणाली, "आवं, जल्मभर डोक्यानंच चेंडू मारलाय की ह्यांनी."

"ते नाही आजी. अलीकडं."

मग तिला एस.टी.तली फळी आठवली. म्हणजे आमच्या घरात ते फक्त तिलाच आठवत होतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढायचं ठरलं. सही सुमननं केली. तिनं डॉक्टरांना विचारलं, "मला वळखतील ना परत?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजी किती?"

"आकडा नाही सांगता येत आजी," डॉक्टर म्हणाले. तो माणूस मला तेव्हापासून आवडतो. खोटं बोलणं सोपं होतं, तरी बोलला नाही.

सोड आणि छोड

आता दामूचं सांगतो. नाहीतर पुढचं कळणार नाही.

दामोदर तेरचा. आम्ही दोघं जिल्ह्याच्या गावी एकाच वसतिगृहात शिकायला होतो. तेव्हा गावाचं नाव उस्मानाबाद होतं. आमच्याकडं कबड्डी, कुस्ती; फुटबॉल कुणाला ठाऊक. पण शाळेचे ड्रिलमास्तर हैदराबादचे होते. त्यांनी आम्हाला चेंडू दाखवला आणि त्यांच्याच ओळखीनं पुढं आम्ही हैदराबादला खेळायला गेलो. मी मधे, दामू मागं बचावाला. तिथून दोघं देशाच्या संघात गेलो.

मास्तर दख्खनी बोलायचे. चेंडू आपल्याला हवा असेल तर साथीदाराला ओरडायचं, 'छोड'. म्हणजे तू बाजूला हो, मी घेतोय. आणि आम्ही पोरं आपसात मराठीत ओरडायचो, 'सोड'. पाटाला पाणी सोडतात तसं, म्हणजे तुझ्याजवळचा चेंडू मार पुढं, मोकळा कर. दोन शब्द, अर्थ एकमेकांच्या उलट, आणि फरक एका अक्षराचा. मास्तर चिडायचे, "अरे एक जबान रखो, नहीं तो एक दिन मरोगे." आम्ही हसायचो. आमच्या दोघांत कधी चूक झाली नव्हती. दामूचे कान असे होते की शिट्टी कुठल्या पंचाची आहे तेही तो पाठमोरा सांगायचा.

परदेशातला सामना होता. बरोबरीत होतो, थोडाच वेळ उरला होता. आमच्याच गोलसमोर चेंडू उंचावरून खाली येत होता. दामू त्याच्याखाली होता. मी ओरडलो. दामू बाजूला झाला. मी चेंडूपर्यंत गेलो नाही. समोरच्या संघाचा एक दांडगा गडी आला आणि त्यानं सहज गोल केला. आम्ही हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षकांनी विचारलं, काय ओरडलास? ते दूरच्या प्रांतातले. त्यांना मराठी येत नव्हती आणि दख्खनीही नाही; बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं.

मी म्हणालो, "सोड. म्हणजे मार." स जरा लांबवला.

त्यांनी दामूला विचारलं, तुला काय ऐकू आलं?

"छोड," दामू म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. मी बुटाची नाडी सोडत होतो. शेवटी तो म्हणाला, "असंल साहेब. गोंगाट व्हता."

त्याचे कान तपासायला पाठवले. तपासणीत काय आलं मला माहीत नाही, पण संघात त्याचं नाव परत आलं नाही. 'ऐकू कमी येतं' एवढं त्याच्या नावापुढं चिकटलं आणि त्याच्याआधी गावाकडं पोचलं. तो तेरला परतला, शेती करू लागला. जिल्ह्यात लोक त्याला भैरा दामू म्हणायला लागले. हाक मारलेलं कुणाला ऐकू गेलं नाही की पोरं म्हणायची, "दामू झालास का रं?" लग्नाकार्यात लोक त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे. तो मान हलवायचा.

मी आणखी काही वर्षं खेळलो. दर थंडीत त्याचा निरोप यायचा, हुरडा खायला ये. मी कधी गेलो नाही.

छत्री

ऑपरेशननंतरचे दिवस मला तुकड्यांत आठवतात. सकाळी सिस्टर यायच्या, अक्कलकोटच्या होत्या, बोलण्यात मधेच कानडी. रोज तेच विचारायच्या.

"आजोबा, नाव काय?"

"रंगनाथ."

"कुठं आहात?"

"मध्यंतर चाललंय."

"बरं. कुणाकडून खेळताय?"

हे मात्र मला आठवेना. मी रडलो म्हणे. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "राहू दे. मध्यंतर मोठं आहे आपलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी उशाशी कागद चिकटवला: सोलापूर, दवाखाना, आणि खाली वार. वार रोज बदलायच्या. मी डोळे उघडले की तो कागद शोधायचो. अशा माणसाला एवढा आधार लई होतो.

बोलण्याचा सराव घ्यायला एक ताई यायच्या. चित्रं दाखवायच्या.

"हे काय आजोबा?"

"सत्री."

"छ. छत्री."

"सत्री."

"हे?"

"सप्पर."

छ येतच नव्हता. ऑपरेशनच्या वेळी माझी कवळी काढून ठेवली होती. त्यामुळं येत नाही, की डोक्यामुळं, ते ताईंनाही सांगता येईना. कवळी घातली तरी आला नाही. ताई गमतीनं म्हणाल्या, "आजोबांचा छ कुणी चोरला?"

माझ्या हातातलं चित्र खाली पडलं. मला एकदम सगळं दिसलं: खोली, बूट, लांबवलेला स. आणि त्याच क्षणी उलटंही वाटलं. कदाचित मी तेव्हाही 'सोड'च म्हणालो असेन. मी इतकी वर्षं तसंच सांगत आलोय. डोक्यातनं रक्त काढलं त्याबरोबर जुनं खोटं निघालं, की जुनं खरं, हे मी कुणाला विचारू? आख्ख्या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या एकाचं डोकं बिघडलेलं, आणि दुसऱ्याचे कान मी बिघडवलेले.

पाहुणा

घरी आल्यावर माझी चिडचिड वाढली. भाकरी करपली म्हणून मी सुमनला बोललो, तेव्हा ती पहिल्यांदा उलटून बोलली.

"माझ्यावरच चालतंय तुमचं. दवाखान्यात दामूभावजी आले तर त्यांना साहेब साहेब करत व्हता."

मला काहीच आठवत नव्हतं. "दामू आला होता?"

"तिसऱ्या दिशी. तेरहून एकटे आले. तुम्ही वळखलंच न्हाय. हात जोडून म्हणलात, 'साहेब, मी सोडच म्हणलो. दाम्याला कानानं कमी येतं, मी खरं सांगतो.' दोनदा म्हणलात."

"मग?"

"मग काय. हसले. तुमच्या हातावर हात ठिवून म्हणले, 'व्हय, त्याला कमीच येतंय.' मोसंबी सोलून ठिवली, बिया काढून, आन गेले."

मोसंबी मला आठवत होती. बिया काढलेली फोड तोंडात विरघळलेली. मला वाटलं होतं सिस्टरनी दिली.

म्हणजे पन्नासएक वर्षांनी तो मला बघायला आला आणि मी त्याला प्रशिक्षक समजून त्याच्या तोंडावर तेच खोटं परत बोललो. यावेळी तर शुद्धही नव्हती. शुद्ध नसताना माणूस खरं बोलतो म्हणतात. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. खोटं इतकं मुरलं होतं की तेच खालून वर आलं.

दोन पावलं

चालायचा सराव अंगणात करायचो. कवितानं माळ्यावरचा जुना चेंडू काढून हवा भरून आणला. सुमन ओट्यावर बसून चेंडू माझ्याकडं ढकलायची. "देशाचा खेळाडू, चला," म्हणायची. तिची भीती कमी झाली होती.

एका सकाळी चेंडू तिच्याजवळच अडला. मी म्हणालो, "सोड." आणि बघतो तर माझं अंग आपोआप मागं वळून मोकळ्या जागेकडं निघालं होतं. बरोबरच आहे. 'सोड' म्हणणारा चेंडूकडं जात नाही, चेंडू जिथं पडणार तिकडं पळतो.

मग मी दुसरा शब्द म्हणून बघितला. 'सोड'सारखाच आला, जीभ वळली नाही, पण मनात छ होता. पायांना ते कळलं. दोन पावलं चेंडूकडं गेली.

मी तिथंच ओट्यावर बसलो. त्या दिवशी परदेशात ओरडल्यानंतर मी दोन पावलं पुढं गेलो होतो. चेंडूकडं. हे मला पक्कं आठवतं, कारण तिसरं पाऊल मी टाकलं नाही. तो दांडगा गडी बूट वर करून येत होता. आधीच्या वर्षी माझा गुडघा गेला होता. मला परत गुडघा जायला नको होता. मी थांबलो.

डोकं बिघडलं, जीभ बिघडली. पायांनी मात्र कधी खोटी साक्ष दिली नव्हती.

"काय झालं? चक्कर आली का?" सुमननं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आपण तेरला जाऊ."

जायच्या आधी मी महिनाभर छत्री म्हणत बसलो. आरशासमोर, आंघोळ करताना. एका सकाळी छ आला. थोडा थुंकीसकट, पण आला.

तेर

धाराशिवहून गाडी बदलून आम्ही दोघं तेरला उतरलो. दामू घरापुढं लिंबाखाली बाजेवर पाठमोरा बसला होता. माझी काठी फरशीवर टेकली आणि त्याची मान वळली. तेवढ्यात त्याची सून बाहेर आली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "मामा, लोहाऱ्याचे पाव्हणे आल्यात!"

त्यानं मान हलवली, जणू आत्ताच कळलं.

"ये रंग्या," तो म्हणाला. "डोक्याला भोकं पाडली म्हणं. आता तरी काय शिरंल का आत?"

सुमन हसली. तीही बाजेच्या कडेला टेकली. सून चहा ठेवून उंबऱ्यातच बसली. मी बसनं येताना सगळं जुळवून ठेवलं होतं. पहिला शब्द, दुसरा शब्द.

"दामू, त्या दिवशी मी—"

त्यानं तळहात कानामागं धरला. "काय?"

"त्या दिवशी. मैदानावर. मी काय ओरडलो..."

"मोठ्यानं बोल," दामू म्हणाला. "भैरा हाय म्या. साऱ्या जिल्ह्याला म्हाईत हाय."

तो हसत होता. डोळे हसत होते की नाही ते मला कळलं नाही. अजून कळत नाही. तो मला सोडवत होता, की टोचत होता? तो हात त्यानं कानामागंच धरून ठेवला होता. सून बघत होती. सुमन बघत होती. मोठ्यानं बोलायचं म्हणजे त्या दोघींपुढं बोलायचं. माझ्या जिभेवर छ तयार होता.

मी म्हणालो, "हुरडा कवा करणार, म्हणलं."

दामूनं हात खाली घेतला. "थंडी पडू दे," तो म्हणाला. हे त्याला हळू बोललेलं ऐकू आलं.

परत येताना गाडीत सुमननं विचारलं, "काय सांगायचं व्हतं तुम्हाला?" मी म्हणालो, काही नाही. तिनं खिडकीबाहेर बघितलं. ती चाळीस-पन्नास वर्षं माझ्याबरोबर आहे, तिला फसवणं कठीण आहे.

त्यानंतर मला वाटायला लागलं की ती थट्टा नव्हती. बचावाला उभा राहणारा माणूस हाक ऐकायला थांबतो. तो थांबला होता. हळू सांगितलेलं त्याला नको असेल. जे खोटं साऱ्या जिल्ह्यानं ऐकलं, त्याचं खरं कानात कुजबुजून कसं चालेल? असं असेल, किंवा नसेलही. हा माझाच अर्थ असेल.

थंडी पडून गेली. मी गेलो नाही. माझ्याच्यानं यापेक्षा मोठ्यानं बोलणं होत नाही, म्हणून छापायला देतोय. त्याची सून वाचून दाखवील, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

दामू, मी 'छोड' म्हणालो होतो. छत्रीतला छ. दोन पावलं चेंडूकडं आलोही होतो. मग भ्यालो आणि थांबलो, आणि माझी भीती तुझ्या कानांवर घातली. मला माफ कर.

तुला बरोबर ऐकू आलं होतं.